खाडाखोड नसलेली चिठ्ठी

१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझे काका तपासणीच्या टेबलावर डोकं टेकून पडलेले सापडले. त्याआधी पाऊण तास ते तसेच पडले होते, पण कुणी लक्ष दिलं नाही. सगळ्यांना वाटलं, विचार करतायत. काका एखादा गोळा चांगला की वाईट हे ठरवायला एवढा वेळ घेत, की शेजारचा माणूस जेवून परत यायचा. मग कुणीतरी पाहिलं, की समोर दिवा चालू आहे, काकांच्या हातात गोळा नाही आणि त्यांचे ओठ निळे पडलेत.

आमचा कारखाना दिव्यांवरचे काचेचे गोळे बनवतो. काका माझे सख्खे काका आणि कारखान्याचे काचतपासनीस. सगळे त्यांना ‘बहुधा काका’ म्हणतात. आज सोमवार आहे का असं विचारलं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, “बहुधा.” लग्नाआधी मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि काकू ते अजून विसरलेल्या नाहीत. मला इथे त्यांनीच चिकटवलं. शिफारस एका वाक्याची होती: “पोरगा बहुधा हुशार आहे.” मला दिलेली खुर्ची बघता साहेबांनी त्यातला ‘बहुधा’ नीट ऐकला होता.

गाडी आली, काकांना घेऊन गेली. काकू सोबत गेल्या. दहा वाजता दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या.

“यांचं हृदय ठोके चुकवतंय. औषध देतेय, पण लागू पडत नाही. काल यांनी काय खाल्लं, काय हुंगलं, कशाला हात लावला, हे सगळ्यांना विचारून मला कळवा. आमचं रक्त तपासायचं यंत्र बंद आहे. नमुना बाहेर पाठवलाय, उत्तर उद्या येईल. यांच्याकडे उद्यापर्यंत वेळ नाही.”

“बहुधा?” मी विचारलं. घराण्याची सवय.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नक्की.”

२

मी फोन ठेवला आणि तसाच जिन्यात जाऊन सगळ्यांना ओरडून विचारलं, काल काका कुठे गेले होते, कशाला हात लावला होता, कुणाला काही माहीत आहे का? शंभर माणसं. खरेदीप्रमुख होते, धाकटे साहेब होते, सल्लागारबाई होत्या. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. धाकटे साहेब फार हळहळले आणि मग म्हणाले, “पण कराराची तीनची सही तीनलाच होईल ना?”

मी खोलीत परत आलो तेव्हा माझ्या खुर्चीत तक्रारबाई बसल्या होत्या. त्या खुर्चीत न पडता बसू शकणारी ती एकमेव व्यक्ती.

तक्रारबाई बावीस वर्षं एकच काम करतायत. फुटलेला गोळा परत आला, की त्याचे तुकडे पांढऱ्या कापडावर मांडून सांगायचं, फोडला कुणी. गिऱ्हाइकानं, ट्रकवाल्यानं, की आपण. गिऱ्हाईक फोनवर रडत असतं आणि बाई शांतपणे विचारत असतात, “मोठा तुकडा दाराकडे होता की भिंतीकडे?”

“तुझा काका फुटलाय,” बाई म्हणाल्या. “तुकडे दाखव.”

“कुठले तुकडे?”

“काल दिवसभर त्यानं जे जे केलं ते. काल तुझ्याशी काही बोलला?”

मी आठवलं. बोलण्यासारखं काही नव्हतं, पण बाईंना गाळलेलं चालत नाही. “संध्याकाळी साडेपाचला आतल्या फोनवरून विचारलं, ‘दशांश, तिन्ही आकडे सारखे लिहिले तर चालतात का?’ मी म्हटलं, चालतात, पण तुमच्या हातून ते व्हायचं नाही.” आकडे मांडायचं काम माझं, म्हणून मला इथे दशांश म्हणतात.

“हसला?”

“नाही. ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला.”

बाईंनी डोळे मिटले. “कसले आकडे?”

मग मला सगळं सांगावं लागलं. साधे गोळे आम्ही बनवतो, पण ते दुधी करून घेतो बाहेरून. दुधी करणारा यंदा पर्यावरण जपणारा हवा, असं धाकट्या साहेबांच्या मनात आलं, कारण तसं केलं तर हिरवं पदक मिळतं. तीन कारखान्यांनी अर्ज केले. तिघांच्याही नावात ‘हरित’ होतं, म्हणून गोंधळ टाळायला आम्ही त्यांना खार, बदक आणि कासव म्हणू लागलो. खार रेतीचा फवारा मारते, धूळ उडते. बदक वरून रंग चढवतं, वास येतो. कासव म्हणतं, आम्ही ओल्या रेतीनं घासतो, धूळ नाही, वास नाही, आमच्या टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ की त्यात मासे सोडलेत. माहितीपत्रावर माशांचा फोटोही होता.

यातलं खरं किती, खोटं किती, कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून सल्लागारबाईंनी पद्धत आणली. नक्की माहीत नसताना निवड कशी करायची, याची. तीन परीक्षक: धाकटे साहेब, खरेदीप्रमुख आणि काका. प्रत्येकानं प्रत्येक कारखान्याला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्यायचा नाही, तीन द्यायचे. कमीत कमी किती, बहुधा किती, जास्तीत जास्त किती. मधला रकाना तर काकांसाठीच छापल्यासारखा वाटायचा. चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, मी त्या यंत्रात भरायच्या, आणि एकमेकांशी त्यावर अक्षर बोलायचं नाही.

“पेटीला कुलूप?”

“आहे. चावी त्या खिळ्याला.”

बाईंनी खिळ्याकडे पाहिलं. चावीला पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पेटीची चावी.

“फार सुरक्षित,” बाई म्हणाल्या. “काढ त्याच्या चिठ्ठ्या.”

खारीला दोन, पाच, नऊ. बदकाला एक, सहा, नऊ. कासवाला एक, पाच, नऊ. नेहमीचे काका. दोन चिठ्ठ्या खाडाखोडीनं काळ्या झालेल्या, तिसरी त्यातल्या त्यात वाचता येत होती. तिन्ही आकडे सारखे असलेली एकही नव्हती.

“म्हणजे विचार बदलला त्यांनी,” मी म्हटलं.

“किंवा,” बाई उठत म्हणाल्या, “चिठ्ठी.”

३

सल्लागारबाई पाहुण्यांच्या खोलीत नखं खात होत्या. तिन्ही कारखाने प्रत्यक्ष पाहिलेल्या त्या एकट्याच. निदान आमची तशी समजूत होती.

“कासवाकडे मी स्वतः गेले होते,” त्या म्हणाल्या. “मासे पाहिले.”

“आणि टाकी?”

“माशांची?”

“गोळे धुवायची.”

सल्लागारबाईंनी तिसरं नख संपवलं. “म्हणाले तिकडे दुरुस्ती चालू आहे. चहा दिला. मी अहवालात ‘बहुतांश समाधानकारक’ लिहिलं.” मग एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. “तुम्ही हे का विचारताय?”

खरेदीप्रमुखांच्या खोलीत सगळं टापटीप होतं. टेबलावर चहाचा कप, कपाखाली पद्धतीची जाड पुस्तिका. ते आम्हाला पाहून उठले, काकांसाठी डोळ्यांत पाणीही आणलं.

“सोन्यासारखा माणूस हो. आणि ही पद्धत! मला बापड्याला ते तीन आकडे काही कळत नाहीत. परीक्षेत देतात तसा एकच मार्क मनात धरतो आणि तिन्ही ठिकाणी तोच लिहितो. ही पुस्तिका बघा, एवढ्याच कामाला येते.” आणि कप उचलून दाखवला.

“काल दुपारी कुठे होतात?”

“बँकेत. मग दाताच्या डॉक्टरकडे. मग बँकेत.”

“दोनदा?”

“छत्री राहिली होती.”

धाकटे साहेब वरच्या मजल्यावर फोटोसाठी हिरवे टाय लावून बघत होते. त्यांनी तिन्ही कारखान्यांना आठ-आठ-आठ दिले होते. “कुणाला दुखवायचं कशाला?” ते म्हणाले. “बाई, हा जास्त हिरवा दिसतो की हा?”

“काल तुमच्या तपासनिसानं सुट्टी घेतली होती?”

“अर्धा दिवस. कारण विचारलं तर म्हणाला, बहुधा काम आहे.”

जिन्यात बाईंनी काकूंना फोन लावला. काकूंचा आवाज कोरडा होता, खूप रडून झाल्यावर होतो तसा.

“काल संध्याकाळी स्वेटरच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या करून आले. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, बहुधा नळ. तसाच ओला स्वेटर घालून बसले मेले. जेवताना बोटं फुंकत होते. मी म्हटलं गरम आहे का? म्हणाले, बहुधा वय.” मग त्या थांबल्या. मागे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं. टिक, टिक, टिक. मग बराच वेळ काहीच नाही. मग टिक.

“हे असं करतंय सकाळपासून,” काकू म्हणाल्या. “मी प्रत्येक वेळी मोजते.”

४

खोलीत परत आल्यावर बाईंनी काकांच्या तीन चिठ्ठ्या पांढऱ्या कापडावर मांडल्या. फुटलेल्या गोळ्याच्या कापडावरच.

“बघ आणि सांग. आकडे वाचू नकोस. नुसतं बघ.”

मी पाहिलं. खारीच्या चिठ्ठीत पाच लिहून खोडलेला, चार लिहून खोडलेला, पुन्हा पाच. बदकाच्या चिठ्ठीवर तर आठचा नऊ करताना कागद फाटला होता. कासवाची चिठ्ठी स्वच्छ. एक, पाच, नऊ. एकही खोड नाही.

मी ती उलटून मागूनही पाहिली.

“आकडे घाबरट आहेत,” बाई म्हणाल्या, “आणि हात ठाम. तुझ्या काकानं आयुष्यात सही तरी एका फटक्यात केली आहे का?”

“नाही. बँक दर वेळी परत पाठवते.”

“म्हणजे ही त्याची नाही. अक्षर जमवलंय, डळमळ जमवायची राहिली. आता त्याची खरी चिठ्ठी काय होती?”

“तिन्ही आकडे सारखे,” मी म्हटलं. “त्यासाठीच फोन केला होता. आणि ते कासवाबद्दल.”

“तुझ्या काकाला खात्री कधी वाटते?”

मी जरा विचार केला. काका पावसाबद्दल साशंक, देवाबद्दल साशंक, स्वतःच्या वयाबद्दल साशंक. एकाच गोष्टीत मी त्यांना कधी डळमळताना पाहिलं नव्हतं. गोळा हातात घेतला, नख फिरवलं, की वेळ लावायचे खरे, पण शेवटी ज्या टोपलीत टाकायचे, तिथून तो कधी परत यायचा नाही.

“हात लावल्यावर,” मी म्हटलं.

बाईंनी कासवाचा नमुना म्हणून आलेला गोळा उचलला आणि त्यावर अंगठ्याचं नख ओढलं. मग माझा हात धरून माझं नख ओढलं. मग खारीच्या गोळ्यावर ओढलं. खारीचा खरखरला. कासवाचा सायीसारखा मऊ लागला. नख घसरलं.

“रेतीनं घासलेली काच नखाला अडते,” बाई हळू म्हणाल्या. “ही घासलेली नाहीच. ही खाल्लेली आहे. काच खाणारं एकच ॲसिड असतं. पाण्यासारखं दिसतं, आणि पातळ केलेलं असलं की लागताना पाण्यासारखंच लागतं. दुखायला रात्र होते. तोवर ते आत गेलेलं असतं. फोन लाव.”

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या लगेच पलीकडे कुणावर तरी ओरडल्या, “कॅल्शियम! असेल तेवढं आणा, बोटांना लावायचं मलमही!” आणि मला म्हणाल्या, “हे ॲसिड रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून ठोके चुकतायत. आता नीट ऐका. हात किती वेळ बुडवला होता? कुठवर? ॲसिड किती कडक होतं? थोडंसंच लागलं असेल तर भरमसाट कॅल्शियमही हृदय बंद पाडू शकतं, आणि जास्त असेल तर थेंब थेंब देऊन उपयोग नाही. मला अंदाज नकोय. तिथे हजर असलेला माणूस हवाय.”

कासवाचा फोन वीस वेळा वाजला. कुणी उचलला नाही.

“तो बसनं गेला नव्हता,” बाई म्हणाल्या. “सुट्टी अर्ध्या दिवसाची, आणि साडेपाचला तो इथून फोन करत होता. जाऊन यायला बसला सात तास लागतात. कुणीतरी गाडीतून नेलं होतं. आणि तो कुणीतरी सकाळी दहा वाजता जिन्यात उभा राहून मान हलवत होता.”

५

साडेबारा वाजले होते. बाईंनी स्वच्छ चिठ्ठी उजेडात धरली.

“चोराला गुण वाढवायचे असते तर त्यानं नऊ-नऊ-नऊ लिहिलं असतं. तसं केलं नाही. एक-पाच-नऊ का?”

हे मी सांगू शकत होतो, आणि सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. यंत्र नुसते आकडे बघत नाही. आकड्यांमधलं अंतर बघतं. तिन्ही आकडे जवळ असले, की यंत्र समजतं, या माणसाला खात्री आहे, आणि त्याच्या मताला वजन देतं. आकडे लांब लांब असले, की समजतं, याला काही माहीत नाही. काकांच्या मताचं वजन आजवर पिसाएवढं भरलं होतं. पण शून्य-शून्य-शून्य लिहिलेली एक चिठ्ठी कासवाला पार खाली नेऊन बसवणार होती.

“म्हणजे चोरानं गुण चोरले नाहीत,” बाई म्हणाल्या. “वजन चोरलं. हे वजनाचं गणित कुणाकुणाला माहीत होतं?”

“परीक्षकांना कळू द्यायचं नसतं. नाहीतर ते त्याचा फायदा घेतील. पुस्तिकेत मागे आहे, पण ती कुणी वाचत नाही. सल्लागारबाईंना माहीत. आणि…”

“आणि?”

“मला.”

बाईंनी खिळ्यावरच्या चावीकडे पाहिलं, पुठ्ठ्यावरच्या माझ्या अक्षराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं गिऱ्हाइकं नुसत्या फोनवरही का रडतात ते मला कळलं. मी स्वतःवर संशय घेऊन पाहिला. काल साडेपाचनंतर मी कुठे होतो? घरी. साक्षीदार? उशी.

“तू नाहीस,” बाई शेवटी म्हणाल्या. “तू केलं असतंस तर चिठ्ठीवर ‘बनावट चिठ्ठी’ असा पुठ्ठा लावला असतास. जुन्या चिठ्ठ्या काढ. याआधी या पद्धतीनं काय काय निवडलंय?”

“खोकी. खिळे. आणि झाडू.”

“झाडूसुद्धा?”

“पर्यावरण जपणारे झाडू. धाकट्या साहेबांचा आग्रह.”

चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाईंनी दहा मिनिटांत चाळला. मग त्यातली एक माझ्यापुढे ठेवली. झाडूवाल्याला दिलेले गुण: तीन, सहा, आठ. नीटनेटके, समजून लिहिलेले. खोकीवाल्याला चार, पाच, सात. खिळेवाल्यालाही तसेच. खाली सही होती.

“आता याच माणसाची कालची.”

कासवाला नऊ, नऊ, नऊ. खारीला तीन, तीन, तीन. बदकाला तीन, तीन, तीन.

“ज्याला तीन आकडे कळत नाहीत,” बाई म्हणाल्या, “त्याला झाडूच्या वेळी बरे कळत होते.”

आम्ही खरेदीप्रमुखांच्या खोलीत गेलो. ते बाहेर जेवायला गेले होते, फोन उचलत नव्हते आणि थेट तीनच्या बैठकीलाच येणार होते. कपाखालची पुस्तिका बाईंनी उचलली. वरचं पान कोरं होतं. एक डाग नाही. बाईंनी पानं उलटली. मागच्या भागात, ‘परीक्षकांच्या मतांचं वजन’ या मथळ्यावर, कपाच्या बुडाचं गोल तपकिरी वर्तुळ होतं. एकावर एक तीन वर्तुळं. बराच वेळ वाचलेलं पान होतं ते.

“तीनला भेटू,” बाई म्हणाल्या. “मला एक टब लागेल. प्लॅस्टिकचा.”

६

तीनच्या बैठकीला फोटोवाला आला होता, हिरवा टाय आला होता, करार आला होता. टेबलाच्या मधोमध पाण्यानं भरलेला निळा टब होता आणि त्याच्या तळाशी एक दुधी गोळा. फोन टेबलावर उघडा होता. पलीकडे जपून थेंब थेंब कॅल्शियम देत असलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांच्या मागे ती टिकटिक. टिक, टिक. काही नाही. काही नाही. टिक.

“सही करण्याआधी एक शेवटची तपासणी,” तक्रारबाई म्हणाल्या. “हे कासवाच्या धुवायच्या टाकीतलं पाणी. मघाशी ट्रकवाल्याकडून मागवलं. ज्यांना खात्री आहे त्यांनी हात घालून गोळा काढावा. पाणीच आहे.”

सल्लागारबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. धाकटे साहेब मात्र खूश झाले. “वा! फोटो छान येईल,” म्हणाले, बाही वर केली आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

“हात काढा!”

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. खरेदीप्रमुख उभे होते. त्यांचा चेहरा दुधी गोळ्यासारखा झाला होता.

“का?” बाईंनी विचारलं. “मासे राहतात ना त्यात?”

त्यांनी टबकडे पाहिलं, मग दाराकडे. धाकटे साहेब हात तसाच हवेत धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला.

“तुम्हाला पद्धत कळते, आता लपवण्यात अर्थ नाही,” बाई म्हणाल्या. “तीन आकडे सांगा. काल त्याचा हात आत किती वेळ होता? कमीत कमी. बहुधा. जास्तीत जास्त.”

फोनमधली टिकटिक थांबली. आम्ही सगळे थांबलो. टिक.

“कोपरापर्यंत,” खरेदीप्रमुख म्हणाले. “दोन्ही हात. तळाचा गोळा सापडेना म्हणून चाचपत होता. तीन मिनिटं. चारही असतील. पाचच्या वर नाही.”

“किती कडक होतं?” फोनमधून डॉक्टरीणबाई ओरडल्या.

“पहिल्या धुण्याची टाकी. दर दहा बादल्यांत एक ॲसिडची, असं साडू म्हणतो.”

पलीकडे पावलांची पळापळ झाली आणि फोन बंद पडला.

कासवाचा मालक हाच साडू, खरेदीप्रमुखांच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. खरेदीप्रमुखांनी काकांना गाडीतून नेलं होतं, मन वळवायला. माहितीपत्रातले मासे दाखवायला. काकांनी मासे पाहिले नाहीत, मागच्या शेडमध्ये गेले. टाकीत काय आहे, असं विचारलं. साडू म्हणाला, पाणी. काकांनी खरेदीप्रमुखांकडे पाहिलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

“मी त्याला ढकललं नाही,” खरेदीप्रमुख पुन्हा पुन्हा म्हणत होते. “मी काहीच केलं नाही. मी फक्त बोललो नाही.”

“ट्रकवाले मला हेच सांगतात,” बाई म्हणाल्या. “मी फोडला नाही, मी फक्त धरला नाही. चिठ्ठी मात्र धरलीत, बदललीतही. आणि डॉक्टरनं विचारल्याला पाच तास झाले.”

मग त्यांनी टबमध्ये हात घातला, गोळा काढला आणि पदराला पुसला.

“नळाचं आहे,” त्या धाकट्या साहेबांना म्हणाल्या. ते पुढचा तासभर हात धूत होते तरी.

७

संध्याकाळी सहाला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत सोडलं. यंत्राची टिकटिक आता एकसारखी चालली होती. कंटाळवाणी. इतकी सुंदर कंटाळवाणी गोष्ट मी आजवर ऐकली नव्हती. काकू पलंगाशेजारी बसून अजून मोजत होत्या. थांबायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं.

काकांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. उजव्या हाताच्या दोन बोटांचं काय होईल ते डॉक्टरीणबाई सांगायला तयार नव्हत्या. काचतपासनिसाची ती दोन बोटं. तक्रारबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“बरं वाटतंय?” मी विचारलं.

काकांनी छताकडे पाहत विचार केला. “बहुधा,” म्हणाले. काकूंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं.

मग काकांनी मान वळवून तक्रारबाईंकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज आला नाही. मी जवळ वाकलो.

“मागच्या शेडमध्ये,” काका म्हणाले. “टाकीपाशी बायका होत्या. गोळे काढायला. हातात मोजे नव्हते. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी विचारलं, दुखतं का? एक म्हणाली, सकाळी सकाळी दुखतं, मग सवय होते.”

काकूंचं मोजणं थांबलं. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं चाक कुरकुरत लांब गेलं.

डॉक्टरीणबाईंनी उशाशी असलेला कॅल्शियमचा खोका उचलला, आत किती बाटल्या उरल्यात ते पाहिलं. “किती जणी होत्या?” त्यांनी विचारलं.

“चार.”

“बहुधा चार?” मी म्हटलं. सवयीनं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“चार,” ते म्हणाले. “चार. चार.”

डॉक्टरीणबाई धावतच बाहेर पडल्या.